बॉयलरच्या मातीचा गणपती

१४ मार्च २०२०

आबा पुन्हा खोकले. मी खाली, ते वरच्या खोलीत, मध्ये दोन दारं बंद – तरी ऐकू आलं. हल्ली माझे कान तिकडेच लागलेले असतात.

खोकला जुना आहे. फेब्रुवारीत डब्लिनला उतरले तेव्हाही खोकत होते. तेव्हा मुकुल म्हणाला, विमानातल्या एसीचा आहे. बाप त्याचा, म्हणून निदानही त्याचंच! आता हा खोकला बसमध्ये ऐकू आला असता तर लोकांनी आम्हाला मधल्या स्टॉपवर उतरवलं असतं.

शाळा बंद. मुकुल जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसलाय. माझा प्लँट मात्र चालू. औषधं बनवणाऱ्यांना सुट्टी कसली! म्हणजे या घरातून रोज बाहेर जाणारी आणि परत येणारी मी एकटी. सत्त्याहत्तर वर्षांच्या सासऱ्यांना काही झालं तर ते माझ्यामुळे. हे कुणी बोललेलं नाही. बोलायची गरजही नाही.

३० मार्च

सत्तरीच्या पुढच्यांनी उंबरठाही ओलांडायचा नाही, असा हुकूम. आबांना त्याचं काही नाही. खिडकीत खुर्ची टाकून बसतात. आमचं घर कॉर्कजवळच्या कोव्ह गावातल्या चढावर, समोर सगळं बंदर. पलीकडे नौदलाची राखाडी जहाजं. आबा स्वतः नौदलात स्टोकर होते – बॉयलरची आग सांभाळणारे. धूर बघून सांगतात की आत कुणी नवखा आहे. आता धुराची जहाजं राहिली नाहीत हे मी त्यांना सांगत नाही.

परतीचं तिकीट रद्द. वेंगुर्ल्याच्या घराची किल्ली सुरेखामावशींकडे आहे. त्या माझ्या सासूबाईंच्या धाकट्या बहीण. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली – हार्ट. मागे घराकडे बघणारं एवढंच माणूस.

४ एप्रिल

आबांना ताप. टेस्टला नेलं. नाकात काडी घातली तेव्हा मालवणीत एक शिवी दिली. नर्स म्हणाली, ही इज ग्रँड. या देशात ग्रँडमध्ये काहीही बसतं.

६ एप्रिल

रिपोर्ट नाही. लेकीला, गुंजनला, वर जाऊ देत नाही. ती जिन्यावर बसून आजोबांशी बोलते. मी रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे घरात माझा वावर तरी कमी.

९ एप्रिल

निगेटिव्ह! ताप गेला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

खोकला आहे तसाच. मग हा कसला?

३ मे

आज आबांनी गुंजनला जहाजाची गोष्ट सांगितली. आबा मराठीत, ती इंग्रजीत. दोघांचं छान चालतं. ती नऊ वर्षांची, तिचं इंग्रजी अगदी इथलं कॉर्कचं, हेल काढून. आबांना त्यातलं निम्मं कळत नाही. पण प्रश्न बरोबर कळतात.

आबांनी त्या जहाजावर ऐन तारुण्याची दहा वर्षं काढली. नाव काहीतरी भारदस्त होतं, पण जहाजावरचे सगळे तिला 'म्हस' म्हणत. मोठ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेलं, रणगाडे पोटात घेऊन शत्रूच्या किनाऱ्यावर थेट वाळूत जाऊन बसणारं जहाज. तळ सपाट, त्यामुळे बंदरात बांधलेलं असतानाही डुलायचं. बाकीची जहाजं वाळूला भितात, हिचा जन्मच वाळूत घुसायला. थोबाड दोन दारांसारखं उघडायचं आणि आतून उतरण खाली. आबांनी ब्रेडचा डबा उघडून दाखवला. त्यातून गुंजनची खेळण्यातली गाडी उतरली.

हिला बनवलं त्या लढाईसाठी, पण ही तयार होईतो ती लढाईच आटपली. मग काही वर्षं कुठल्याशा खाडीत गंजत पडली, आणि नंतर आपल्याकडे आली. आमच्याकडे तिनं रणगाडे कमी आणि तांदूळ, जीप, पुरातली माणसं जास्त वाहिली, असं आबा म्हणतात. एकदा तर म्हशी. खऱ्या. वाळूत घुसण्याआधी मागे खोल पाण्यात नांगर टाकून यायचं, मग त्याच नांगराची साखळी ओढत परत निघायचं.

गुंजननं विचारलं, व्हॉट इफ द अँकर डझन्ट होल्ड?

आबा म्हणाले, "मगे थंयच बसायचा."

७ मे

मुकुलनं इंटरनेटवर शोधून काढलं – म्हस बांधली बेलफास्टला! याच बेटावर, गाडीनं गेलं तर एका दिवसात जाऊन येण्यासारखं. आबा दिवसभर खिडकीतून उठले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, म्हणजे मी हिच्या माहेरी येऊन बसलोय आणि मला पत्ताच नाही. सगळं उघडलं की नेतो, असं मुकुलनं कबूल केलंय. सध्या पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नाही. पण बोलून काय जातंय.

१५ ऑगस्ट

शिफ्ट संपवून आले तर स्वयंपाकघराची रया गेलेली! टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली आणि त्यावर गणपतीबाप्पा, निम्मे सोललेले. आबा, मुकुल आणि गुंजन, तिघांच्या हातात पॉलिश पेपर. घरभर भुकटी. टोस्टरवर, फळांवर, गुंजनच्या केसांत. ती सोंडेवर फुंकर मारमारून धूळ उडवत होती आणि खिदळत होती.

हा गणपती आबांनी हातातल्या बॅगेत घालून आणलाय. वीतभर उंच. त्याची कथा मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. जहाजावर कोकणातली पोरं बरीच. गणपतीला रजा मिळायची नाही, माती मिळायची नाही. मग बॉयलरच्या नळ्यांना लिंपायचं जे पीठ असतं ते बादलीत पाणी घालून मळायचं आणि त्याचाच गणपती करायचा. दरवर्षी करायचा, दरवर्षी समुद्रात सोडायचा. शेवटच्या वर्षी म्हस भंगारात निघाली. पूजा झाली, पण विसर्जनाआधीच सगळ्यांना उतरवलं. तो गणपती आबांच्या पदरात पडला. तेव्हापासून तो घरचा. दीड दिवसानं त्याच्याऐवजी सुपारी विसर्जन करायची आणि मूर्ती परत देवघरात. दर चतुर्थीआधी जुना रंग खरवडून नवा द्यायचा. मुकुल शाळेत जायला लागल्यापासून हे काम बापलेकांचं. आता नात भरती झाली.

घासताना कानाचा टवका उडाला. आतून तांबूस दिसत होता. आबा म्हणाले, नळ्यांचा गंज उतरलाय त्यात. त्यांनी तो टवका डोळ्यांशी नेला, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसणार!

मी कटकट केली. टेबल पुसलं, वर्तमानपत्रं मागच्या दारात झटकली. आबांना धुळीनं जोराचा ठसका लागला. गुंजनला आंघोळीला पिटाळलं.

२३ ऑगस्ट

बंदराच्या उतारावर जाऊन सुपारी सोडली. शेजारची ब्रीडा मास्क लावून, लांब उभी राहून बघत होती. नंतर विचारलं, हा लहानसा देव होता का? आबा म्हणाले, त्याचा प्रतिनिधी. मुकुलनं भाषांतर केलं. ब्रीडा म्हणाली, फेअर इनफ.

चांगला दिवस. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कशाची भीती वाटली नाही.

६ ऑक्टोबर

आबा जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेले सापडले. म्हणाले, बंदर बघतोय. तिथून बंदर दिसत नाही.

२२ ऑक्टोबर

छातीत पाणी झालंय. कॉर्कच्या हॉस्पिटलात सुई घालून काढलं. मला आत सोडलं नाही, मी फोनवरून दुभाष्या. डॉक्टर विचारतात, मी आबांना सांगते, आबा 'होय गो' म्हणतात, मी 'यस' म्हणते. ते पाणी आणि आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाय. देश पुन्हा बंद.

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांनी विचारलं, तुमचे सासरे काय काम करत होते? मी म्हटलं, जहाजावर बॉयलरपाशी. मग विचारलं, किती जुनं जहाज? महायुद्धातलं, मी म्हटलं. त्यांनी लगेच पुढचं सांगितलं. जणू आधीच माहीत होतं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं.

मेसोथेलिओमा. फुफ्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी होतो. त्या काळच्या जहाजांत सगळ्या नळ्यांवर तेच थापलेलं असे. आत शिरलं की पन्नास-पन्नास वर्षं गप्प बसतं आणि मग डोकं वर काढतं. ऑपरेशन नाही. केमो या वयात नको म्हणाले. त्रास कमी करत राहायचं.

आबांना मुकुलनं सांगितलं. सगळं सांगितलं, लपवलं नाही. आबांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे म्हस अजून हंयच आसा तर." आणि हसले. मला हसता आलं नाही.

बेलफास्ट राहिलं.

२५ नोव्हेंबर

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

प्लँटच्या जुन्या बॉयलर-घरातल्या नळ्या काढायचं काम चाललंय. क्वालिटी विभागातर्फे मला जाऊन बघायचं होतं, की तिथलं काही आमच्या बाजूला येणार नाही ना. प्लास्टिकचा तंबू, हवा आत ओढणारं यंत्र, नखशिखांत पांढऱ्या सूटमधली माणसं. बाहेर पडताना तीन खोल्या, एकीत सूट काढायचा, दुसरीत अंग धुवायचं. एवढं सगळं कशाला – तर नळीवरच्या चार बोटं जाड लेपासाठी. ॲस्बेस्टॉस. मी मान डोलावत होते. आबांचा विचारही मनात आला, आबांनी हेच उघड्या अंगानं केलं म्हणून. तोवर ठीक होते.

मग त्यांचा मुकादम, डोनल नावाचा म्हातारा कॉर्ककर, सहज बोलून गेला. म्हणाला, माझ्या बापाच्या वेळी हे पिठासारखं पोत्यातून यायचं, पोरं बादलीत पाणी घालून मळायची, लापशीसारखं.

बादलीत. पाणी घालून.

मला एकदम गुंजन दिसली, सोंडेवर फुंकर मारताना.

घरी आले तर गणपती देवघरात. ताजा केशरी रंग, समोर निरांजन. आणि तीन महिने आम्ही त्याच्यापुढे हात जोडतोय, प्रसाद खातोय. ती वर्तमानपत्रं मी झटकली. मी! रोज दोन-दोन हातमोजे घालून गोळ्यांची भुकटी हाताळणारी बाई, आणि घरात ओल्या फडक्यानं पुसून मोकळी झाले. सोफा तोच. पडदे तेच. गुंजनचा त्या दिवशीचा टीशर्ट अजून ती घालते.

कुणालाही सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर

घरी कुणी नसताना (आबा हॉस्पिटलात, बापलेक चालायला) मूर्ती ओली करून दोन जाड पिशव्यांत घातली, टेपनं बंद केली आणि मागच्या शेडमध्ये उंच फळीवर ठेवली. ठेवताना तोंडातून 'माफ कर' निघून गेलं. सगळ्यांना सांगितलं, कान दुरुस्त करायला डब्लिनच्या एका मराठी मूर्तिकाराकडे पाठवली. आबा खूश झाले. ते माझ्यावर चिडले असते, तरी बरं वाटलं असतं मला.

२ डिसेंबर

डॉक्टरांना विचारलं. नाव न घेता, एका मैत्रिणीच्या मुलीचं आहे म्हणून. त्यांनी ओळखलं असणार. शांतपणे म्हणाले, एका दिवसात धोका फार कमी. शून्य आहे का? शून्य असं मी म्हणू शकत नाही. काही तपासणी? नाही. रक्तात, एक्स-रेत आज काही दिसणार नाही. दिसलं तर तीस-चाळीस वर्षांनी.

गुंजन तेव्हा पन्नाशीची असेल. मी असेन की नाही कोण जाणे. ती कुणाकडे तरी श्वास लागतो म्हणून जाईल आणि ते विचारतील, काय काम करता? आणि ती म्हणेल, मी तर शाळेत शिकवते.

५ डिसेंबर

मुकुलला सांगितलं. आधी चिडला. म्हणाला, तुला आबांच्या देवातही केमिकल दिसतं. मग त्याचाच चेहरा उतरला. गुंजननं एक दिवस घासलं. त्यानं पहिलीपासून कॉलेजपर्यंत, दर वर्षी.

आता दोघंही एकमेकांचा श्वास ऐकतो. त्याला शिंक आली तरी माझं काळीज लक्कन हलतं.

त्याचं एकच म्हणणं – आबांना कळता कामा नये. आजाराचं दुःख ते पचवतील, हे नाही.

९ डिसेंबर

मूर्तीच्या बैठकीतून चण्याएवढा तुकडा काढला. मास्क, हातमोजे, पाण्याचा फवारा, सगळं रीतसर. डब्लिनच्या एका लॅबला पोस्टानं पाठवला. वस्तूचं वर्णन लिहा म्हणे. 'शोभेची मूर्ती' असं लिहिलं.

२४ डिसेंबर

लॅब नाताळासाठी बंद. ब्रीडानं दारात केक ठेवला. आबांच्या छातीतलं पाणी पुन्हा भरलंय. गुंजन खोकली, दोनदा. सर्दीच आहे. सर्दीच आहे.

८ जानेवारी २०२१

लॅब म्हणते तुमचं पाकीट मिळालेलंच नाही. नाताळाच्या टपालात गेलं कुठंतरी. पुन्हा पाठवलं. सगळं पहिल्यापासून. भीतीलाही कंटाळा यावा की नाही! येत नाही.

२० जानेवारी

आबा शेडमध्ये गेले. हिवाळ्यात एवढं चालवत नाही, तरी काठी टेकत गेले, कुंडीत तुळशीचं बी लावायला माती शोधत. फळीवर दोन पिशव्या, पिवळी टेप, आत गणपती. तो घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. धाप लागलेली.

"देवाक असो कित्याक बांधून ठेवलंस, गो?"

मला खोटं सुचलं नाही. इतकी खोटी तयार ठेवली होती, एकही आठवलं नाही. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. बॉयलरचं पीठ म्हणजे काय ते. तुमच्या छातीत आहे तेच हे. गुंजननं फुंकर मारली. मुकुलनं इतकी वर्षं घासलं.

ते पिशवीकडे बघत राहिले. पिशवी मांडीवर होती, ती हळूच जमिनीवर ठेवली आणि पायानं दूर सारली. देवाला पाय लावणारे आबा नव्हेत. मग खुर्ची मागे ओढून भिंतीला टेकवली, माझ्यापासून जितकी लांब जाईल तितकी.

मला वाटलं होतं रडतील. त्यापेक्षा हे वाईट.

२८ जानेवारी

आबा गुंजनला जवळ बसू देत नाहीत. खोलीत मास्क लावून बसतात. ताट दाराबाहेर ठेवा म्हणतात. तो कॅन्सर श्वासातून पसरत नाही, मी शपथेवर सांगितलं. माहीत आहे म्हणाले. तरी नको.

गुंजन पुन्हा जिन्यावर. मला विचारते, डिड आय डू समथिंग?

या माणसानं आयुष्यात एकच गोष्ट कौतुकानं जपली आणि तीच पुढच्या पिढीच्या हातात दिली. ते आता हेच घोळवत असणार. पैज लावते.

३ फेब्रुवारी

मुकुल जिन्यावर गुंजनशेजारी जाऊन बसला. म्हणाला, आबा, मला काही झालेलं नाही, ऐका, मी श्वास घेतो. आणि खरंच मोठमोठे श्वास घेतले.

९ फेब्रुवारी

लॅबचा फोन. मी प्लँटच्या पार्किंगमध्ये.

ॲस्बेस्टॉस नाही. अजिबात नाही. बाई म्हणाली, साधी माती आहे, लोहाचं प्रमाण जास्त असलेली.

मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, वी डिड इट ट्वाइस, लव्ह.

गाडीत बसले आणि किल्ली लावायचीच विसरले. तो आनंद होता की काय कुणास ठाऊक. पण मग लगेच दुसरी भीती – मी बैठकीतला तुकडा दिला, बैठक नंतर जोडलेली असेल तर? आबांनी स्वतःच्या हातांनी मळलंय ते पीठ. त्यांचा हात खोटं बोलेल का? पण कानाचा टवका तांबूस होता. तेव्हाच गुंजन म्हणालेली, आत फुलांच्या कुंडीसारखं आहे. मी ऐकलंच नव्हतं. संध्याकाळी आणखी दोन ठिकाणचे तुकडे काढले, कान आणि पोट. दोन्ही आतून लाल. वेंगुर्ल्याच्या परसातल्या मातीसारखे.

१० फेब्रुवारी

सुरेखामावशींना फोन केला. आधी जुजबी बोलले, मग विचारलं – मावशी, आबांचा गणपती. तो तोच आहे ना?

मग म्हणाल्या, ताईनं शपथ घातलेली, पण ताई आता नाही आणि भावोजी असे आजारी. सांगते.

आबा तेव्हा आखातात बोटीवर होते, दोन वर्षांच्या करारावर. मुकुल तीन वर्षांचा. सासूबाईंनी त्या वर्षी पहिल्यांदा एकट्यानं मूर्ती खरवडली. हातांना आठवडाभर खाज, काही केल्या जाईना. त्या म्हणाल्या, या देवाला घरात राहायचं नाही. हा जहाजावरचा, पूजा झालेला, आणि विसर्जन नाही. याला समुद्र हवाय, आपण धरून ठेवलाय. अनंत चतुर्दशीला दोघी बहिणी वेंगुर्ल्याच्या बंदरावर गेल्या आणि सोडून आल्या. त्याआधी गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथं, शशिकांत मेस्त्रींकडून हुबेहूब दुसरा करून घेतला होता, तिथल्याच लाल मातीचा. आबांना सांगायचं धाडस शेवटपर्यंत झालं नाही. म्हणून मूर्तीला कुणी हात लावला की ताई तिथं उभी असायची, मावशी म्हणाल्या. कुणी फोडू नये म्हणून.

मुकुलच्या हातात पॉलिश पेपर आला तो त्यानंतर. सगळा त्यानंतर.

फोन ठेवून मुकुलला सांगितलं. तो देवघराच्या रिकाम्या पाटासमोर बसला आणि हमसून हमसून रडला, आईचं नाव घेऊन. मीही. गुंजनला काही कळेना, पण ती आमच्यात येऊन घुसली. तिच्या केसांचा वास घेतला. नुसता शाम्पूचा वास.

आता आबांना कोण सांगणार? त्यांचा गणपती त्यांचा नाही. बायकोनं चाळीस वर्षांपूर्वी म्हशीची शेवटची माती बुडवून टाकली आणि आयुष्यभर गप्प राहिली. हेही पचायचं नाही.

१५ फेब्रुवारी

आज माघी चतुर्थी. गणपती पिशवीतून काढला, धुतला, पाटावर ठेवला. मग आबांच्या खोलीत गेले आणि लॅबचं, मावशींचं सगळं सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता.

आबांनी एकदा बंदराकडे बघितलं. मग मास्क काढला. जिन्याकडे तोंड करून गुंजनला हाक मारली, ये म्हणाले, जवळ बस. तिला कुशीत घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"मगे म्हस फक्त माझ्याच छातीत रवली. बरा झाला."